मागची भिंत

४ मार्च, सोमवार

धाकट्या भावानं काम दिलं. ‘दिलं’ हा शब्द त्याचा. माझ्या मते त्याचं माझ्यावाचून अडलं होतं.

हॉस्पिटलच्या मागे मोठं मैदान आहे. तिथं नवा विभाग उभा राहायचाय आणि धाकटा त्या बांधकामाचा इंजिनियर. त्या जागी पूर्वी अनाथाश्रम होता. तो बंद पडला, मग पाडला, दगड लोकांनी उचलून नेले आणि कागदपत्रं वाळवीनं खाल्ली. उरली एक बाई. ती तिथंच वाढली. ती सांगते की, तापाच्या साथीत गेलेली मुलं आश्रमाच्या मागच्या भिंतीबाहेर पुरली आणि तिची धाकटी बहीण त्यांच्यात होती. बाईनं अर्जावर अर्ज करून विश्वस्तांना सळो की पळो केलं, तेव्हा त्यांनी शब्द दिला: मागच्या भिंतीचा पाया सापडला तर पलीकडच्या जमिनीला हात लावणार नाही, इमारत अलीकडे घेऊ. नाही सापडला तर काम सुरू.

पाया शोधायचा मी. न खणता.

“दादा, दोन दिवसांत होईल ना? उगाच कीस काढत बसू नकोस.”

कीस काढणं हाच माझा धंदा आहे, असं त्याला सांगितलं. धाकटा कॉलेजात शिकला. मी मोटारींचं वायंडिंग करता करता, कॉलेजनं भंगारात काढलेली यंत्रं उघडून शिकलो. दोघांपैकी जमिनीखालचं कुणाला दिसतं, हे एकदा विश्वस्तांनाही कळू दे.

५ मार्च, मंगळवार

आज फक्त आखणी. लाकडी खुंट्या, नायलॉनची दोरी. लोखंडाचा खिळासुद्धा नाही.

माझं मॅग्नेटोमीटर जमिनीतलं चुंबकत्व मोजतं. भाजलेली वीट, चुलीची जागा, खणून पुन्हा भरलेला चर, या सगळ्यांचं चुंबकत्व आजूबाजूच्या मातीहून किंचित वेगळं असतं. फरक इतका बारीक की यंत्र धरणाऱ्याच्या खिशात किल्ली असली तरी सगळं मुसळ केरात. म्हणून माझ्या कामाच्या पॅन्टला चेन नाही, बटणं आहेत. बूट कापडी. चष्म्याची काडी मोडली तेव्हा स्क्रू बसवू दिला नाही, दोऱ्यानं बांधली. लोक हसतात. हसू देत.

लहान मुलांना पुरलेल्या जागा या यंत्राला दिसत नाहीत. खड्डे लहान, माती तीच. म्हणून सगळी मदार भिंतीवर. ती कुठे होती हे कळलं की तिच्या बाहेर कुठे, हे कळलं.

बाई दुपारी आली. सत्तरी ओलांडलेली, काटक. कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसते, सगळे तिला टायपिस्टबाई म्हणतात. सोबत घडीची खुर्ची आणि छत्री.

“छत्री चालणार नाही,” मी म्हणालो.

“का? पाऊस पाडते का ती?”

“काड्या लोखंडी आहेत. आणि खुर्चीही.”

“मग मी काय, अधांतरी बसू?”

वॉचमन फिदीफिदी हसला. त्याची सायकलही मी तीनदा हलवायला लावली होती, तो डूख धरून होता. शेवटी बाईला त्यानं प्लॅस्टिकचा डबा पालथा घालून दिला. छत्री त्याच्या खोलीत ठेवली. बाई उन्हात बसली. नियम म्हणजे नियम.

६ मार्च, बुधवार

गुडघा कुरकुरतोय. आखणीच्या वाकावाकीनं असेल. सकाळी निघताना हिनं दुकानातून आणलेला गुडघ्याचा पट्टा हातात ठेवला. “अहो, बांधा. लंगडत निघालात की धाकट्या भावजींना दिसेल.” हे बरोबर बोलली. धाकट्याला दिसलं की ‘दादा, आता बास झालं, घरी बस’ सुरू होईल. पट्टा चांगला आहे, दोन्ही बाजूंना आधार आहे. पॅन्टखाली कळत नाही.

मैदान लांबट आहे. लांबीच्या दिशेनं चाललं की वळणं कमी लागतात. तसंच चालायचं ठरवलं. जुन्या पुस्तकांत तिरकं चाला म्हणून लिहिलंय, पण त्यांची मैदानं वेगळी. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, वळून परत, यंत्र छातीशी, पावलं सारखी. माझी चाल घड्याळासारखी आहे, हे मी फुशारकीनं नाही, मोजून सांगतो.

जेवणाच्या सुट्टीत टायपिस्टबाईंशी बोललो. डोक्यावर पदर ओढून बसल्या होत्या, चेहरा लालबुंद.

“ती शेवटची गेली,” त्या म्हणाल्या. “साथीतली शेवटची. म्हणून तिला अगदी कोपऱ्याला जागा मिळाली. मला बाहेर जाऊ देईनात, मी आतून भिंतीच्या कोपऱ्याला कान लावून उभी राहिले. फावड्याचा आवाज ऐकला.”

“विहीर कुठे होती?” मी सहज विचारलं.

“आमच्या डाव्या हाताला.”

मैदानात शिरताना विहीर उजवीकडे आहे. तिच्यावर फरशी टाकलीय, मी स्वतः पाहिली. मी हे बोललो नाही, पण मनात नोंद केली. एवढ्या वर्षांची आठवण, तिच्यावर किती भार टाकायचा.

“फोटो वगैरे?”

“अनाथाश्रमातल्या पोरीचा फोटो कोण काढतंय? ती होती याला साक्षीदार मी आणि ती भिंत. मी आज आहे, उद्या नाही.”

७ मार्च, गुरुवार

अर्ध्या मैदानाचा नकाशा कॉम्प्युटरवर उतरवला आणि डोकं तापलं. सगळीकडे लांबच लांब रेघा. एक फिकी, एक गडद, एक फिकी, एक गडद. जाताना एक, येताना दुसरी. कुणाच्या तरी अंगावर लोखंड असलं की असं होतं.

कुणाच्या म्हणजे कुणाच्या? मैदानात मी एकटा. वॉचमनला झापलं. सायकल कुंपणाबाहेर काढायला लावली. तो म्हणाला, “साहेब, आता मीच कुंपणाबाहेर जाऊ का? माझ्या रक्तातपण लोह आहे, डॉक्टर म्हणतात कमी आहे, पण आहे.” बाईंना आणखी मागे, भिंत-सावली काही नाही अशा ठिकाणी बसवलं. त्यांच्या पिशवीत, चपलांत काय असेल सांगता येत नाही.

तरी रेघा तशाच.

दुपारी बाईंना घेरी आली. वॉचमननं पाणी दिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ऊन पाडलं. उरलेलं मैदान संपवलं.

८ मार्च, शुक्रवार

रेघा घालवल्या. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक गाळणी असते. प्रत्येक चालीच्या, म्हणजे एकेका फेरीच्या, आकड्यांची सरासरी काढून वजा करते, की सगळ्या चाली एका पातळीवर येतात. क्षणात नकाशा धुतल्यासारखा स्वच्छ. आश्रमाच्या, माझ्या चालीला आडव्या भिंती लख्ख दिसल्या, पुढची दारांपाशी तुटलेली भिंत दिसली, खोल्यांची रांग दिसली, स्वयंपाकघराची भाजलेली जमीन काळ्या डागासारखी. इतका देखणा नकाशा मी आजवर काढला नव्हता. हिला बोलावून दाखवला. “छान आहे,” म्हणाली. “पण अहो, या खोल्या मागच्या बाजूनं उघड्याच का?”

मागची भिंत नव्हती. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. खोल्यांच्या भिंती मागे जातात आणि नुसत्या संपतात. हिला समजावलं की दगड नेणारे कधीकधी पायासकट नेतात, किंवा मागे नुसतं कुडाचं कुंपण असेल. बाईंना तेच भिंतीसारखं आठवत असेल. विहिरीचंही तसंच झालं की.

९ मार्च, शनिवार

अहवाल दिला. शेवटचं वाक्य विचार करून लिहिलं: ‘मागच्या भिंतीचा पाया या मैदानात नाही, याविषयी शंकेला जागा नाही.’ खाली लपेटदार सही.

धाकट्यानं पाठ थोपटली. पाठ थोपटायला मी मोठा आहे, तो नाही, पण बरं वाटलं.

टायपिस्टबाईंना मीच सांगितलं. नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, कागद डोळ्यांपाशी नेला, उलटा करून पाहिला.

“म्हणजे भिंत नव्हतीच?”

“यंत्र तसं म्हणतं.”

“मग मी कान कशाला लावला होता?”

“लहानपणीच्या आठवणी असतात अशा,” म्हणालो. चांगल्या मनानं म्हणालो. त्यांनी वॉचमनच्या खोलीतून छत्री घेतली आणि ती न उघडताच गेल्या.

१२ मार्च, मंगळवार

ही घरपट्टीचा अर्ज टाइप करून आणायला कोर्टात गेली होती. आली ती पिशवी हातात धरूनच उभी राहिली.

“काय झालं?”

“टायपिस्टबाई भेटल्या. अर्जात तीन चुका केल्या. त्या कधी चुका करत नाहीत. मग मला म्हणाल्या, लहान मुलं एकटी पडली की मनानं भावंडं बनवतात म्हणे, खरं आहे का? म्हटलं, मला काय ठाऊक. तर म्हणाल्या, मलाही नाही. ती होती की मीच बनवली, आता काही सांगता येत नाही.” हिनं पिशवी खुंटीला अडकवली. “अहो, यंत्राला चुकता येतं का?”

“यंत्राला नाही. चालवणाऱ्याला येतं.”

“तेच विचारतेय.”

मी म्हणालो, बावीस वर्षांत माझं एकही काम परत आलेलं नाही. ती आत गेली. भांडी जरा जास्तच वाजली.

१३ मार्च, बुधवार

लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो, कारण न लिहिलं तर उद्या मी स्वतःला काहीतरी भलतंच सांगेन.

गुडघ्याच्या पट्ट्याची चिकटपट्टी उसवली होती. हिनं तो दुरुस्तीला माझ्या टेबलावर आणून ठेवला. टेबलावर स्पीकरचा जुना चुंबक असतो, सांडलेले स्क्रू गोळा करायला. पट्टा ठेवला आणि तो फटकन चुंबकाला जाऊन बसला.

शिवण कापली. दोन्ही बाजूंना पोलादाच्या वीतभर पात्या.

बाईंची छत्री काढून घेतली. वॉचमनच्या सायकलीची वरात काढली. आणि लोखंड माझ्या पायाला बांधलेलं होतं, छातीवरच्या यंत्रापासून जेमतेम दोन हातांवर. चष्म्याचा स्क्रू नाकारणारा मी, हा पट्टा तपासला नाही. का नाही तपासला? तपासायचा तर तो बांधलाय हे आधी कबूल करावं लागलं असतं, स्वतःशीसुद्धा.

इथवर नुसती फजिती होती. रेघा गेल्याच होत्या की. पण मग मनात पाल चुकचुकली. गाळणी प्रत्येक चालीची सरासरी वजा करते. एखादी भिंत चालीच्या दिशेतच असली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तर ती सबंध चालच सरासरीहून वेगळी असते. गाळणीला ती भिंत वाटत नाही, रेघ वाटते. ती पुसते.

गाळणी काढून मूळ नकाशा उघडला. फिक्या-गडद रेघांच्या जंगलात, खोल्यांच्या भिंती जिथं संपतात बरोबर तिथं, लागोपाठ दोन चाली गडद. जातानाची गडद, येतानाचीही गडद. तसं व्हायला नको. पट्ट्यानं झालं असतं तर एक गडद, एक फिकी असती.

ती भिंत असेल. आडवं चालून पाहिल्याशिवाय खात्री नाही. पण मनाला खात्री आहे.

लांबीनं चाललो, कारण वळताना गुडघा दुखत होता. पट्टा बांधला, कारण गुडघा दुखत होता. गाळणी लावली, कारण पट्टा. आणि बाईंना म्हणालो, लहानपणीच्या आठवणी असतात अशा.

१४ मार्च, गुरुवार

सकाळी धाकट्याला फोन केला. काय बोलायचं ते पाठ करून केला.

“मला एक दिवस हवाय मैदानात. आडवं चालून पाहायचंय.”

“दादा, उद्या मशीन येतंय खणायला. आता काय राहिलं?”

“बॅटरी जरा कमी होती त्या दिवशी. म्हटलं खात्री करून घ्यावी.”

बॅटरी म्हणालो मी. बॅटरी.

तो हळू आवाजात म्हणाला, “हे बघ, नुसती खात्री हवी असेल तर मशीन थांबवता येणार नाही, विश्वस्त फाडून खातील. पण चूक झाली असेल तर सांग. आत्ताच्या आत्ता थांबवतो. तुझी चूक म्हणून नाही सांगणार कुणाला. चूक झालीये का?”

दार सताड उघडून धरलं होतं त्यानं. मी आत पाऊल टाकायचं फक्त.

“छे. चूक कसली,” मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर ही दारात उभी होती. संध्याकाळपर्यंत तीनदा फोन हातात घेतला. शेवटच्या वेळी नंबरही लावला आणि तो उचलायच्या आत कापला. त्यानं उलट फोन केला, तर हिला घ्यायला लावला. “चुकून लागला म्हणतायत,” असं ही त्याला म्हणाली, माझ्याकडे बघत.

१५ मार्च, शुक्रवार

गेलो नाही. गुडघा.

१६ मार्च, शनिवार

गुडघ्याचं कारण आज पुरलं नाही.

मैदानात पोचलो तेव्हा मशीन मागच्या कोपऱ्यात होतं. चर बराच पुढे गेला होता. कालपासून मातीचे ट्रक जात होते. चराच्या कडेला मला ती दिसली: विटांच्या तुकड्यांची, चुन्याची एक जाड पांढुरकी पट्टी, जमिनीखाली गुडघाभर, सुतात सरळ. माझ्या नकाशात जिथं दोन गडद चाली होत्या, तिथंच. आणि मशीनचा फाळ तिच्या पलीकडे होता.

मी ओरडलो. ड्रायव्हरला ऐकू गेलं नाही. चरात उतरलो, उतरताना पडलो, तसाच हात हलवत पुढे गेलो. ड्रायव्हरनं फाळ वर धरून मशीन बंद केलं आणि मला शिवी दिली. मग माझ्या पायाशी बघून त्यानं टोपी काढली.

फार लहान हाडं होती. मी आधी त्यांना मुळ्या समजलो.

धाकटा धावत आला. मी त्याला सगळं सांगितलं, तिथंच, चरात बसून: पट्टा, लांबीची चाल, गाळणी, बुधवार. त्यानं ऐकून घेतलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“परवा विचारलं होतं मी तुला,” एवढंच म्हणाला. मग मला हात देऊन वर काढलं.

विश्वस्त आले, पोलीस आले. धाकट्यानं सगळ्यांना सांगितलं की मोठ्या भावाला शंका आली होती, त्यानं एक दिवस मागितला होता, मीच दिला नाही, तरी त्यानंच येऊन काम थांबवलं. मी शेजारी उभा होतो. त्याच्या बोलण्यात एकही शब्द धड खोटा नव्हता. मी खाली बघत राहिलो.

१८ मार्च, सोमवार

पुरातत्त्व खात्याच्या बाई आल्या आहेत, दोन माणसं घेऊन. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. भिंतीपलीकडची राहिलेली जागा त्यांनी दोरी बांधून बंद केली. तिथं मुलं आहेत, ओळीनं, न हललेली. इमारत आता अलीकडे सरकेल. कोपरा मात्र गेला. तिथली माती ट्रकांतून गावाबाहेरच्या खोलगट जागेत टाकली गेलीय.

त्यांनी माझा नकाशा मागितला. दोन्ही दिले, धुतलेला आणि न धुतलेला. त्यांनी ते शेजारी शेजारी धरले, एकदा माझ्याकडे पाहिलं. “ही गाळणी भिंतीच्या दिशेनं चालल्यावर लावायची नसते,” म्हणाल्या. सौम्यपणे. जसं कुणी नवशिक्याला सांगावं. मी “हो” म्हणालो.

टायपिस्टबाई आल्या. त्यांना दोघांनी धरून चराच्या कडेला आणलं. त्या बसल्या, हात खाली घातला आणि भिंतीच्या विटेवर तळवा ठेवला. बराच वेळ.

“होती,” म्हणाल्या. मग पुन्हा, “होती की.”

उठताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. “तुम्ही थांबवलंत म्हणे मशीन. भाऊ सांगत होता तुमचा. मी मनातल्या मनात किती बोलले तुम्हाला. राग मानू नका.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. आजूबाजूला माणसं होती, असं मी स्वतःला सांगतोय. माणसं नसती तर दुसरं काहीतरी असतं.

१९ मार्च, मंगळवार

वर्तमानपत्रात चौकट आली. ‘स्वयंशिक्षित तज्ज्ञाची सतर्कता.’ फोटोत मी यंत्राशेजारी, दोऱ्यानं बांधलेला चष्मा. असं काहीतरी छापून यावं म्हणून बावीस वर्षं वाट पाहिली. हिनं पेपर घडी करून रद्दीत ठेवला. मला न दाखवता ठेवत होती, मीच मागून घेतला.

“कधी जाणार आहात त्यांच्याकडे?” हिनं विचारलं.

“कुणाकडे?”

“वेड पांघरू नका.”

२० मार्च, बुधवार

कोर्टाबाहेर गेलो. गिऱ्हाईक होतं, ते उठेपर्यंत थांबलो. मग समोरच्या स्टुलावर बसलो. त्यांनी सवयीनं यंत्रात कागद चढवला. “बोला, कुणाला लिहायचंय?”

मी सांगायला लागलो. पट्ट्यापासून. त्यांची बोटं टाइपरायटरवर तशीच ठेवलेली, जणू मी मजकूर सांगतोय आणि त्या वाक्य पुरं व्हायची वाट बघताहेत.

“उन्हात मला बसवलंत,” शेवटी म्हणाल्या.

“हो.”

“आणि मला म्हणालात, भिंत नाही, तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं.”

“नव्हतं. गेल्या बुधवारी कळलं.”

“मशीन कधी आलं?”

“शुक्रवारी.”

“गुरुवार होता मध्ये.”

“होता. भावानं विचारलंही. चूक नाही म्हणालो.”

“का?”

किती कारणं तयार होती माझ्याकडे. “लाज वाटली,” म्हणालो.

त्यांनी यंत्रातला कोरा कागद काढून घेतला, नीट ठेवला. शेजारचा स्टॅम्पवाला कान टवकारून बसला होता, त्याच्याकडे बघून म्हणाल्या, “तुझं गिऱ्हाईक उभं आहे बघ.” मग माझ्याकडे न बघता विचारलं, “त्या ट्रकांतली माती कुठे टाकलीय?”

“गावाबाहेर. खोलगट जागेत.”

“यंत्र चालेल तिथं?”

“नाही. सगळी कालवली गेलीय. यंत्राला काही कळणार नाही.”

“मग हातानं.”

२३ मार्च, शनिवार

खात्याच्या बाईंकडे गेलो. म्हटलं, ट्रकांतून टाकलेली माती चाळायला माणूस हवा असेल. त्या म्हणाल्या, मजूर मिळतात, तुम्ही कशाला. म्हटलं, मला मजूरच धरा. त्यांनी मोठी चाळणी दिली, कसं चाळायचं ते दाखवलं. मी चुकलो, त्यांनी पुन्हा दाखवलं.

धाकटा संध्याकाळी आला होता तिथं. थोडा वेळ उभा राहिला, मग बाह्या सरसावून घमेलं उचललं. “तू नको,” मी म्हणालो. “तू गप रे दादा,” तो म्हणाला.

२६ मार्च, मंगळवार

गुडघा सुजलाय. पट्ट्यातल्या पात्या काढून टाकल्यावर त्याला काही अर्थ राहिला नाही. हिनं फडकं घट्ट बांधून दिलं.

दिवसभर माती चाळली. खडे, मुळ्या, खापऱ्या. काही बारीक हाडं निघाली, ती खात्याच्या माणसानं वेगळी ठेवली. कुणाची ते कधीच कळणार नाही, असं तो म्हणाला. माणूस चांगला आहे, लपवत नाही.

टायपिस्टबाई कोर्ट सुटल्यावर येतात. ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसतात. माझ्याशी बोलत नाहीत. पाळी संपवून येणाऱ्या वॉचमनशी, धाकट्याशी, खात्याच्या माणसाशी बोलतात, थट्टाही करतात. मी चाळणी हलवायची थांबलो की तेवढं वर बघतात.

२९ मार्च, शुक्रवार

आज चाळणीत एक बटण आलं. शिंपल्याचं, लहान मुलाच्या झबल्याला असावं इतकं. बाजूला घेऊन पाण्यानं धुतलं. चमकलं.

माझं मन कसं पळालं ते लिहून ठेवतो. वाटलं, हे घेऊन त्यांच्याकडे जावं. हे तिचंच, असं म्हणायचंही नाही, नुसतं हातात ठेवायचं. त्या ओळखतील किंवा ओळखल्यासारखं करतील, आणि संपेल. त्यांचं संपेल, असं मी स्वतःला म्हणत होतो.

गेलो. त्यांच्या तळहातावर ठेवलं.

त्यांनी ते दोन बोटांत फिरवलं. उजेडाकडे धरलं. मग मला परत दिलं, आणि कोर्टातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

“आमच्या कपड्यांना नाड्या असायच्या,” म्हणाल्या. “बटणं परवडत नव्हती. चाळ पुढे.”